पिवळा हवाय की पिवळा चालतोय?

वाचक विचारतात: हिरे आणि अंगठ्या

प्रश्न: ताई, आम्ही दोघं एंगेजमेंट रिंगसाठी हिरा शोधतोय. सुरुवात पांढऱ्यापासूनच केली होती, पण एका ठिकाणी ट्रेमध्ये एक फिकट पिवळा खडा होता आणि ती त्याच्यावरच अडकली, आता बाकी काही बघायलाच तयार नाही. खडा रेडियंट कटचा आहे (कापलेल्या कोपऱ्यांचा चौकोनी), १.२० कॅरेट, रिपोर्टवर कलरच्या पुढे डब्ल्यू-एक्स लिहिलंय. विकणारा म्हणतो हा 'कॅनरी' आहे. घरचे म्हणतात पिवळा पडलेला हिरा कशाला घेताय, तो हलका माल असतो. मला दोन्हीतलं काही कळत नाहीये. घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

उत्तर: घरच्यांची शंका आधी घेते, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरात निघते. हिरा पिवळा पडत नाही हो. कपडा पडतो, कागद पडतो, मोतीसुद्धा पडतात, पण हिरा जमिनीखाली तयार झाला तेव्हापासून पिवळाच होता आणि तुमच्या पणतीच्या बोटात जाईल तेव्हाही तेवढाच पिवळा असेल. हिरा म्हणजे कार्बन, पण तो घडताना थोडासा नायट्रोजन कार्बनच्या जागा पकडून बसतो आणि मग एक-दोन अब्ज वर्षं तिथल्या उष्णतेत ते नायट्रोजनचे अणू सरकत सरकत एकमेकांजवळ येतात, त्यांचे गट होतात. त्यातला एक गट असतो तीन नायट्रोजन आणि मधे एक रिकामी जागा असा, तो प्रकाशातला जांभळा-निळा भाग गिळून टाकतो, आणि पांढऱ्या उजेडातून निळा गेला की उरतो तो डोळ्याला पिवळा दिसतो. बस एवढंच आहे ते, त्यात मळ किंवा डाग असं काहीच नाही.

या पिवळसर हिऱ्यांना धंद्यात 'केप' म्हणतात. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत होपटाउनजवळ, ऑरेंज नदीच्या परिसरात तिथला पहिला नावाजलेला हिरा सापडला, युरेका, कच्चा २१.२५ कॅरेटचा आणि पैलू पाडल्यावर १०.७३ कॅरेटचा, आणि तोही पिवळसरच होता. पुढे तिथून इतके पिवळसर खडे यायला लागले की केप ऑफ गुड होपवरून त्या रंगालाच केप नाव पडलं. टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांचा तो प्रसिद्ध पिवळा हिरा, १२८.५४ कॅरेटचा, तोही १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच किंबर्लीच्या खाणीतून निघालेला. तेव्हा घरच्यांना सांगा, पिवळा म्हटलं की हलका असं सरसकट नसतं.

पण त्यांना ते तसं का वाटतं तेही खरं कारण आहे आणि ते समजून घेतलंत तर तुमचा निम्मा गोंधळ जाईल. जीआयएने, म्हणजे हिरे तपासून रिपोर्ट देणाऱ्या अमेरिकन संस्थेने, १९५० च्या दशकात कलरची जी शिडी रूढ केली ती डी पासून झेडपर्यंत जाते (ए, बी, सी ही अक्षरं आधीच बाजारात कोण कशालाही वापरत होतं म्हणून ती मुद्दाम सोडली). ही शिडी मोजते काय, तर रंग किती कमी आहे. डी म्हणजे रंगच नाही, जी-एचपर्यंत सहसा कुणाला कळत नाही, के-एल-एमला बारीक झाक दिसायला लागते, आणि एस ते झेड म्हणजे फिकट पिवळा उघड दिसतो. झेडच्या पुढे मात्र दुसरी शिडी सुरू होते, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड, आणि तिथे सगळा हिशेब उलटा, जितका रंग जास्त तितका मान जास्त. किंमतही तशीच, डीपासून खाली खाली उतरत येते आणि झेड ओलांडून फॅन्सी झालं की परत चढायला लागते. तुमचा डब्ल्यू-एक्स म्हणजे पांढऱ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला आणि पिवळ्यांच्या वर्गाच्या दारात उभा असलेला खडा आहे. घरचे त्याला पहिल्या वर्गातून बघतायत, तुमची होणारी बायको दुसऱ्या वर्गातून.

म्हणून मी कुणीही फिकट पिवळ्याबद्दल विचारलं की एकच प्रश्न आधी विचारते: तुम्हाला पिवळा हवाय, की पिवळा चालतोय? ऐकायला सारखं वाटतं पण दोन्हीची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत. हवा असेल तर रंग उठून दिसावा म्हणून सगळं करायचं, आकार, धातू, कोंदण, सगळं. चालतोय म्हणजे बजेटमुळे पांढऱ्यात थोडी झाक पत्करताय, मग ती झाक लपावी म्हणून नेमकं उलटं करायचं. लोक चुकतात ते इथेच, आवडतो पिवळा आणि सल्ले ऐकतात पांढऱ्याचे, मग अंगठी धड ही नाही धड ती नाही अशी होते. तुमच्याकडे तर उत्तर स्पष्ट आहे, ती पांढरे सोडून त्याच्यावर अडकली, म्हणजे पिवळा हवाय. आता पुढचं सगळं त्या हिशेबाने सांगते.

'कॅनरी' ही ग्रेड नाही. कुठल्याही रिपोर्टवर ती येत नाही. धंद्यात हा शब्द भडक, गडद पिवळ्यासाठी वापरतात आणि तुमचा खडा तो नाही. खडा वाईट आहे असं अजिबात नाही म्हणत मी, पण फिकट पिवळ्याला गडद पिवळ्याचं नाव लावून त्याच्या जवळपासची किंमत मागितली जात असेल तर तिथे थांबा. बिलावर कॅनरी नको, रिपोर्ट नंबर आणि डब्ल्यू-एक्स हेच लिहून घ्या.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. डी-झेडमधली ग्रेड देताना हिरा उलटा ठेवून, म्हणजे टेबल (वरचा मोठा सपाट पैलू) खाली आणि टोक वर करून, बाजूने बघतात, ठरलेल्या दिव्याखाली आणि नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून. कारण वरून बघितलं तर चमक इतकी असते की रंग नीट वाचता येत नाही. फॅन्सी रंगाचे हिरे मात्र सरळ, वरून बघून ग्रेड करतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचं अक्षर खड्याच्या पाठीबद्दल बोलतंय आणि अंगठीत तुम्हाला आयुष्यभर दिसणार त्याचं तोंड! दोन्हीत फरक पडतो, आणि तो पाडतो कट.

मी खड्यांच्या सॉर्टिंगला बसायचे तेव्हाचं सांगते. एका जोडप्यासाठी दोन खडे काढले होते, दोन्हीचा कलर एकच, डब्ल्यू-एक्स, वजनही जवळजवळ सारखं, एक गोल आणि एक कुशन, म्हणजे गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी. पांढरं जाड कार्ड मधून दुमडून त्याच्या घडीत दोन्ही उलटे ठेवले, बाजूने बघितलं तर जुळे भाऊ, रंगात काडीचा फरक नाही. मग दोन्ही सरळ केले. गोल एकदम खुलला, मधे पांढरी चकाकी आणि पिवळा फक्त कडेला, चुकून लागल्यासारखा, आणि कुशन मात्र आतून भरून आला, पांढऱ्या चाफ्याच्या मधे असतो ना तसा पिवळा. ती मुलगी काही बोललीच नाही, तिने कुशन उचलून बोटांच्या बेचक्यात ठेवला आणि हात खिडकीकडे नेला. अक्षर तेच होतं दोन्हीचं.

कारण असं की गोल ब्रिलियंट हा प्रकाश आत घेऊन लगेच वर फेकण्यासाठीच बनवलेला आहे, प्रकाश आत थोडाच फिरतो त्यामुळे रंग कमी उचलतो. रेडियंट आणि कुशनमध्ये खालच्या बाजूचे पैलू असे बारीक फोडलेले असतात की प्रकाश आत जास्त फिरतो, जास्त पिवळा होऊन बाहेर येतो. रेडियंट कट १९७७ मध्ये आला आणि पैलू पाडणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं की झेडच्या अलीकडचा कच्चा माल या कटात घातला की तो वरून बघताना फॅन्सी लाइटमध्ये जाऊ शकतो. म्हणून पिवळे हिरे बहुतेक रेडियंट किंवा कुशनमध्येच दिसतात. म्हणजे तुमच्या बाबतीत आकार आधीच बरोबर निवडला गेलाय.

पण रेडियंटमध्ये चांगला-वाईट प्रचंड असतो, आणि रिपोर्ट इथे मदत करत नाही कारण जीआयए कट ग्रेड देते ती फक्त गोल ब्रिलियंटला. तुमच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्रीपुढे एक्सलंट असेल, विकणारा तेच दाखवून 'एक्सलंट कट' म्हणेल, ते तसं नाही, ते फक्त पैलू गुळगुळीत आहेत आणि जागच्या जागी आहेत एवढंच सांगतं. कट तुम्हालाच डोळ्यांनी बघायचाय. सुटा खडा टेबल वर करून छापील कागदावर ठेवा, मधून खालची ओळ वाचता आली किंवा काळी रेघ सरळ दिसली तर मधे खिडकी आहे, तिथून प्रकाश खाली गळतोय, आणि त्या जागी रंग फिका पडणार. बोटांच्या बेचक्यात ठेवून बघा, मधे कातडी दिसतेय का. मग खडा हळूहळू डावी-उजवीकडे कलता करा, काळे ठिपके चमकत जागा बदलत राहिले तर छान, एकच काळा पट्टा ठाण मांडून बसला तर नको. चारही कोपरे आणि मध्य यांचा रंग सारखा आहे का तेही बघा. (ओव्हल, पेअर, मार्कीज असे लांबट आकार बघणाऱ्यांनी हे जास्तच बघावं, तिथे पिवळा टोकांना गोळा होतो आणि पोट पांढरं राहतं.)

वजनाच्या आकड्यावर जाऊ नका, मिलिमीटर वाचा. रेडियंट खोल असतो, त्यामुळे सारख्या वजनाच्या गोलापेक्षा वरून लहान दिसतो. खोली रंगाला मदत करते हे खरं, पण काही खड्यांमध्ये सगळं वजन पोटात लपलेलं असतं, पैसे १.२० कॅरेटचे देता आणि बोटावर दिसतो एक कॅरेटचा. शेजारी त्याच वजनाचे दोन-तीन रेडियंट ठेवून बघितलंत की लगेच कळेल.

आणि बघायचा कुठे? काउंटरच्या स्पॉटलाइटखाली तर नाहीच. तिथे सगळेच हिरे नाचतात. खडा घेऊन खिडकीपाशी जा, थेट उन्हात नाही, नुसत्या दिवसाच्या उजेडात. मग झाडाच्या सावलीत किंवा बाहेरच्या पडवीत, मग साध्या ट्यूबलाइटखाली, आणि जमलं तर संध्याकाळी पिवळ्या बल्बच्या उजेडात. बल्बखाली फिकट पिवळा फार सुंदर दिसतो, उबदार, पण तिथे पांढराही पिवळा दिसतो त्यामुळे निर्णय दिवसाच्या उजेडावर घ्या. त्या दिवशी कपडे पांढरे किंवा राखाडी घाला दोघांनी, लाल-केशरी काही घातलं की त्याची झाक खड्यात उतरते, मला स्वतःला यामुळे एकदा एक खडा परत काढून बघायला लागला होता.

खिडकीपाशी न्यायचं अजून एक कारण म्हणजे फ्लोरेसन्स. काही हिरे अल्ट्राव्हायोलेट किरणांत चमकतात, साधारण २५ ते ३५ टक्के हिऱ्यांमध्ये हे कमीजास्त असतं आणि त्यातल्या बहुतेकांची चमक निळी असते. वर तो तीन नायट्रोजनचा गट सांगितला ना, पिवळा रंग देणारा, तोच ही निळी चमकही देतो, म्हणून केप खड्यांमध्ये हे बऱ्याचदा भेटतं. आणि निळा पिवळ्याला मारतो. दुकानात खडा मस्त पिवळा, बाहेर दिवसाच्या उजेडात आलं की त्यातल्या अल्ट्राव्हायोलेटमुळे निळा जागा होतो आणि पिवळा धुतल्यासारखा फिका होतो. ज्याला पांढरा दिसायला हवा त्याला हे वरदानच, पण तुम्हाला पिवळा हवाय. तुमच्या रिपोर्टवर फ्लोरेसन्सपुढे नन किंवा फेंट असेल तर बिनधास्त, मीडियम ब्लू असेल तर बाहेर नेऊन डोळ्याने खात्री करा, स्ट्राँग किंवा व्हेरी स्ट्राँग ब्लू असेल तर मी तरी दुसरा खडा शोधेन. पिवळ्या रंगाचं फ्लोरेसन्स लिहिलेलं असेल तर त्याला घाबरू नका, ते रंगाच्या बाजूने काम करतं.

क्लॅरिटीवर, म्हणजे खड्यात दोष किती कमी आहेत त्या ग्रेडवर, पैसे ओतू नका. रेडियंटच्या बारीक तुटक चमकेत छोटे दोष तसेही लपतात, व्हीएस-टू किंवा डोळ्याला स्वच्छ दिसणारा एसआय-वन पुरे. फक्त मधोमध काळा ठिपका नको, आणि कोपऱ्यापाशी चीर नको, कारण हिरा कितीही कठीण असला तरी ठराविक दिशांना तो चिरतो आणि कोपऱ्याला ठोसा बसतोच कधीतरी. पिवळ्यात तपकिरी झाक आहे का तेही बघा, दुमडलेल्या पांढऱ्या कार्डात ठेवलं की लगेच कळतं, स्वच्छ लिंबासारखा पिवळा आणि चहासारखा पिवळा यात फरक असतो, आणि तपकिरी झाकेचा खडा स्वस्त मिळायला हवा.

आता कोंदण, आणि इथे माझा जीव अडकतो कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगठीत हे चुकलेलं मी बघितलंय. तिचा खडा यू-व्ही कलरचा कुशन, सुटा असताना इतका गोड की बस, आणि अंगठी करून आली ती आख्खी प्लॅटिनममध्ये. करणाऱ्याने तिला सांगितलं होतं की पांढऱ्या धातूत पिवळा उठून दिसतो. गडद पिवळा दिसतोही. पण फिकट पिवळ्याचं तसं नसतं, त्याच्या खाली चहूबाजूंनी पांढरा धातू आला की तो पांढराच प्रकाश परत खड्यात जातो, मधला रंग धुऊन निघतो आणि वर शेजारी पांढऱ्या नखांशी तुलना होते ती वेगळीच. तिची अंगठी बघून लोक विचारायचे, हिरा जरा पिवळट आहे का गं? सहा-सात महिने तिने ती घातली आणि मग कपाटात ठेवली. शेवटी आम्ही दुसऱ्या कारागिराकडे नेली, त्याने खालचा कप आणि नखं, म्हणजे खडा धरून ठेवतात ते प्राँग, तेवढी काढून १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची बसवली, वळं प्लॅटिनमचं तसंच ठेवलं. खडा तोच, वळं तेच, पण आता कुणी पिवळट म्हणत नाही, पिवळा म्हणतात. सोन्याचा कप खालून पिवळा प्रकाश परत देतो आणि तो खड्याच्या रंगात मिसळतो.

तेव्हा तुम्हीही कप आणि नखं पिवळ्या सोन्याचीच करा, १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के सोनं, रंगही भरपूर आणि बळकटीही ठीक. वळं तिला आवडेल त्या धातूचं. बाजूला बारीक पांढरे हिरे लावायचे असतील तर लावा, पांढऱ्याच्या शेजारी पिवळा आणखी पिवळा दिसतो, तुम्हाला तेच हवंय. फक्त खड्याभोवती पूर्ण गोल हॅलो, म्हणजे बारीक हिऱ्यांचं कडं केलात तर हातावर आधी हॅलो दिसतो आणि मग खडा, हे मला स्वतःला आवडत नाही, पण ती तुमची आवड. आणि खडा विकत घेताना सुटाच घ्या, जडवलेला नको. सोन्यात बसलेल्या खड्याचा कलर अचूक सांगता येत नाही, जे सोनं नंतर तुमच्या उपयोगाचं तेच घेताना फसवू शकतं. लूपमधून, दहापट भिंगातून, गर्डलवर म्हणजे खड्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर तो रिपोर्टच्या नंबराशी जुळवून घ्या, आणि रिपोर्टमध्ये कुठेही ट्रीटमेंटचा उल्लेख नाही ना तो बारीक अक्षरांपर्यंत वाचा.

हे सगळं जमलं आणि दिवसाच्या उजेडात तो तिला अजूनही तितकाच आवडला, तर घ्या. पांढऱ्या शिडीच्या तळाशी असलेल्या किमतीत तुम्हाला असा खडा मिळतोय जो सोन्याच्या कपात बसला की बऱ्याच जणांना फॅन्सी वाटेल, आणि हे मी कुणाची समजूत काढायला म्हणत नाहीये, मी स्वतः निवडला असता तर याच पट्ट्यातला, यू ते झेडमधला रेडियंट किंवा कुशनच निवडला असता.

प्रश्न: ताई, माझं नेमकं उलटं आहे. गोल हिरा घेतलाय, के कलर, एक कॅरेट, बजेट तेवढंच होतं. अंगठी अजून करायची आहे. पिवळा दिसू नये म्हणून काय करू?

उत्तर: तुम्ही 'चालतोय'वाल्या, तर वरचं सगळं उलटं वाचा. गोल घेतलात ते उत्तम, तोच आकार रंग सगळ्यात जास्त लपवतो. धातू मात्र तुम्हीही पिवळा किंवा रोझ गोल्डच घ्या. आता म्हणाल ताई, वर तर म्हणालात सोन्याने रंग वाढतो! वाढतो, खाली भरीव कप असेल तर. तुमच्या खड्यात रंगच इतका थोडा आहे की डोळा तो स्वतंत्रपणे बघत नाही, शेजारच्या वस्तूशी ताडून बघतो, आणि पिवळ्या सोन्याशेजारी के बऱ्यापैकी पांढरा दिसतो, प्लॅटिनमशेजारी मात्र पकडला जातो. तेव्हा खाली भरीव कप नको, चार किंवा सहा बारीक नखं आणि खालून मोकळं, म्हणजे पिवळा प्रकाश खड्यात फारसा जाणार नाही. बाजूला डी-ईचे कोरे पांढरे बारीक हिरे अजिबात लावू नका, लावायचेच तर आय-जेचे लावा. तुमच्या खड्याला मीडियम निळं फ्लोरेसन्स असेल तर खुश व्हा.

प्रश्न: लॅबमध्ये बनवलेला पिवळा हिरा घेतला तर? मैत्रिणीने घेतलाय, रंग इतका सुंदर आहे आणि आमच्या हिऱ्यापेक्षा कितीतरी गडद. मग नैसर्गिक फिकट पिवळा घेण्यात काय अर्थ?

उत्तर: लॅबचा हिरा खोटा नसतो, आधी हे. तोही कार्बनच, कठीणपणा तोच. तुमच्या मैत्रिणीचा गडद का आहे याचं कारणही नायट्रोजनच. जमिनीखाली नायट्रोजनला गट करायला अब्जावधी वर्षं मिळतात, लॅबमध्ये प्रचंड दाब आणि उष्णतेत हिरा काही दिवसांत-आठवड्यांत वाढतो, तेवढ्यात नायट्रोजन एकेकटाच राहतो, आणि एकेकटा नायट्रोजन गटापेक्षा कितीतरी जोरात रंग देतो. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने १९५४ च्या शेवटी हे जमवलं, आणि या पद्धतीने बनवलेला हिरा आपोआप पिवळाच निघतो, त्याला रंगहीन करायचं तर नायट्रोजन शोषून घेणारे धातू मुद्दाम घालावे लागतात. म्हणजे निसर्गात जो गडद पिवळा फार दुर्मिळ तो लॅबला सगळ्यात सोपा.

त्यामुळे गडद पिवळा हवा आणि पैसे मर्यादित, तर लॅबचा घ्या, निःशंक मनाने घ्या. पण हे दोन रंग एकाच रंगाच्या कमी-जास्त मात्रा नाहीत हो, फिकट केपचा पिवळा हा वेगळाच असतो, त्यात आरपार उजेड असतो, सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा. ज्यांना तो आवडतो त्यांना गडद शेजारी ठेवला तरी परत फिकटाकडेच हात जातो, हे मी खूपदा बघितलंय. दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि मग ठरवा. परत विकायला गेलात तर लॅबच्या हिऱ्याला फार कमी मिळतं हे मात्र धरून चाला. आणि लॅबचा की खाणीतला हे डोळ्याने किंवा लूपनेही ओळखता येत नाही, दुकानातल्या साध्या डायमंड टेस्टरलाही कळत नाही कारण तो उष्णता किती लवकर वाहते तेवढंच बघतो, त्यामुळे रिपोर्टशिवाय कुणाच्याही शब्दावर विश्वास नको.

एक तिसरा प्रकार पण असतो, खाणीतलाच हिरा पण रंग दिलेला, किरणोत्सर्ग करून मग तापवून, किंवा उच्च दाब आणि तापमानातून काढून. वाईट नाही, पण ते सांगून विकलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे हवी. किरणोत्सर्गाने रंग दिलेला असेल तर पुढे कधी अंगठी दुरुस्तीला दिलीत तर कारागिराला आधी सांगा, टॉर्चच्या उष्णतेने तो रंग बदलू शकतो.

प्रश्न: वर्षभरापूर्वी फिकट पिवळ्या हिऱ्याची अंगठी मिळाली. आता रंग उडाल्यासारखा, मातकट दिसतोय. रंग जातो का?

उत्तर: नैसर्गिक रंग असेल तर नाही जात, तुमच्या खड्याच्या पाठीला तेलकटपणा चिकटलाय. हिऱ्याला तेल-ग्रीस इतकं धरतं की पूर्वी खाणीत ठेचलेला दगड पाण्याबरोबर ग्रीस लावलेल्या टेबलांवरून सोडायचे, बाकी सगळं वाहून जायचं आणि हिरे तेवढे ग्रीसला चिकटून राहायचे. तुमच्या हाताचं क्रीम, साबणाचा थर, सगळं नखांच्या आत खड्याखाली साचतं, मग प्रकाश खालून परत येत नाही आणि फिकट रंग तर आधी मरतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, त्यात अंगठी वीसेक मिनिटं ठेवा, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने खड्याच्या पाठीकडून, कपाच्या भोकांतून घासा, वरून नाही, मळ खाली असतो. वाटीत धुवा, उघड्या बेसिनवर नाही. क्लोरीनचं ब्लीच लावू नका, ते सोन्यातल्या मिश्रधातूला खातं, स्विमिंग पूललाही अंगठी काढूनच जा. धुऊन झाली की कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा, बारीक खुळखुळ ऐकू आली तर नख सैल झालंय, मग घालू नका, आधी घट्ट करून आणा.